शेवटची सुई

मंगळवार, दुपारचे तीन

तू मला पोरीसमोर तोंडघशी पाडलंस. हे आधी लिहिते, बाकीचं मागाहून.

थोरल्यास आईचा आशीर्वाद. सूनबाईने तान्ह्याला जपावं, इकडची काळजी करू नये. माझं शिक्षण चौथीचं, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे.

तुझी भिंगरी इथे दवाखान्यात दोन घास जेवते. माझ्याशी बोलत नाही.

गेल्या बुधवारी फोनवर म्हणालास, "आई, ही शेवटची सुई, तिला सांग." मी सांगितलं. पोरीने पिशवी भरली, रंगीत खडू शेजारच्या खाटेवरच्या मुलीला देऊन टाकले. तेवढ्यात मोठी नर्स कागद घेऊन आली. अजून सहा महिने सुया. खाली तुझी सही, महिन्यापूर्वीची. तुझी सही मी ओळखते. प्रगतिपुस्तकावर बापाची म्हणून ठोकायचास, तेव्हापासून.

पोरगी रडली नाही. माझा हात तेवढा झटकला.

तिचं मन मोडू नये म्हणून बोललो नाही, असलं मला ऐकवू नकोस. मोडायचं काम माझ्याकडून करून घेतलंस.

इथे एक समुपदेशक बाई आहे. आजारी पोरांशी बोलायचं, एवढीच तिची नोकरी. मी म्हटलं, बरंय, गप्पा मारायचा पगार मिळतो. तिच्या खोलीतल्या खुर्च्या इतक्या बुटक्या की मला उठवायला दोन माणसं लागतात. पण बाईचा नियम पक्का आहे. पोरांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. ज्याच्या नावाची चिठ्ठी, उत्तर त्यानेच द्यायचं. मध्ये दुसऱ्याने तोंड घालायचं नाही.

काल माझी चिठ्ठी निघाली. "आजी, तुला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग शेवटची सुई कशावरून म्हणालीस?"

"तुझे बाबा म्हणाले म्हणून."

"कागद बघितलास?"

"नाही."

"तुला वाचता येतं की."

मी त्या बुटक्या खुर्चीतून उठायला बघितलं. एकटीला उठता आलं नाही.

तिला बोलले नाही ते तुला लिहिते. नुसतं रक्त कमी आहे, असं तू मला सांगितलंस. पण वॉर्डच्या दारावरची पाटी मी पहिल्याच दिवशी अक्षर लावून वाचली होती. कॅन्सर. जोडाक्षरालाही अडले नाही. भिंगरीने तर माझ्याआधी वाचली असणार. तरी तुझंच खरं धरलं. पाटीपेक्षा पोटचा पोर खरा वाटला. त्यानंतर डॉक्टरांना एक शब्द विचारला नाही. ही माझी चूक. ती मी गुरुवारी तिच्यासमोर कबूल करणार.

आता तुझं. पेटीत अजून एक चिठ्ठी आहे, वर 'बाबा' लिहिलंय. बाईने मला हात लावू दिला नाही. गुरुवारी अकराला उघडणार. बाई म्हणाली, फोनवर बोलले तरी चालेल. मी म्हटलं, चालणार नाही, फोनवर त्याला खोटं फार छान जमतं.

हे पत्र आजच्या गाडीने तिकडे येणाऱ्याच्या हाती देते, उद्या तुला मिळेल. रजा मिळत नसेल तर न मिळता ये. सूनबाईला पुढे करू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस, मी तुझ्या बाजूने तोंड उघडणार नाही.

भिंगरीची आजी,
मग तुझी आई

मला उलट पत्र नको. उत्तर तिला द्यायचंय, समोर बसून, आणि तूच.