आमटीतल्या गोळ्या

कबनूर,
१४ ऑगस्ट २००३

प्रिय निशा,

जयभीम. तुझी चिठ्ठी मिळून आठवडा झाला. उत्तर लांबलं, कारण इकडं तुझ्या आक्कावर तक्रार झालीय. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे आणि भांडायला तयार आहे.

आमच्या दवाखान्यात चिमणाबाई येते. नवरा कृष्णात मागावर कामाला. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून चार महिन्यांत ती तिसऱ्यांदा आली. डॉक्टरांनी दर वेळी तपासून चौदा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या, नवऱ्यालाही घेऊन ये म्हणून बजावलं होतं. तो काही फिरकला नाही. शेवटी मी तिला पडद्याआड बसवलं आणि गोळ्या पुरत्या खाल्ल्यास का ते विचारलं, तर बाई रडायलाच लागली. निम्म्या तिनं खाल्लेल्या आणि निम्म्या फोडून नवऱ्याच्या आमटीत घातलेल्या! तिखटजाळ आमटीत कडू कळत न्हाय म्हणे. दुखणं त्याच्याकडनं आलंय हे तिला ठाऊक, पण तोंडावर सांगायची छाती नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. दोघांनी अर्धं अर्धं औषध खाल्लं आणि बरं कुणीच झालं नाही.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, आता बास. मंगळवारी दुपारी नवरा-बायकोनं मिळून यायचं. दार लावून दोघांना वेगवेगळं तपासायचं, पहिली गोळी दोघांनी माझ्यासमोर गिळायची. कृष्णात आला, पाय आपटत आला, पण आला. त्याच्यामागनं आणखी पाच जोडपी आली. मग गल्लीतले पुढारी बाळासो दारात उभं राहून ओरडले, की ही सिस्टर गडीमाणसांची अब्रू काढती. मी पण पायरीवर आले. म्हटलं, बायका वर्षानुवर्षं पोट धरून बसल्या तवा कुणाची अब्रू गेली न्हाय व्हय? मागनं बायका हसल्या, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. तक्रार वर गेलीय, बदली करतो म्हणतात. करा की! जिथं जाईन तिथं मंगळवार येतोच.

आता तुझं. चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंस, की मला अंगावरून पांढरं जातंय, ह्यांच्याकडनंच आलंय, कुणाजवळ तरी गोळ्या पाठव, ह्यांना चहातनं देईन, कळू देणार नाही. चिमणाबाईला सही येत नाही आणि तू शाळेत शिकवतेस, तरी भीती तीच गं! तुझ्यासाठी प्रसेनजीतचं स्थळ मीच आणलं होतं, म्हणून मलाच जास्त लागलं. पण न तपासता एक गोळी पाठवणार नाही. हे अंगावर काढलंस तर पुढं मूल राहायला अडचण येते, आणि तुला मूल हवंय हे मला ठाऊक आहे. रविवारी सकाळच्या एसटीनं मी जयसिंगपूरला येतेय. तुझ्या शेजारी बसेन, हात धरेन, पण त्याच्याशी बोलायचं तूच. मंगळवारी दोघं माझ्याबरोबर दवाखान्यात. मी आल्यावर तिघांचा चहा टाक, आणि त्यात फक्त साखर घाल.

तुझीच,
संयोगिताआक्का