मेंढीच्या लोकरीचं मेण

माय, आज तुयाशी कडाकडा भांडावंसं वाटून राह्यलं. तुया नातीले पोरगा झाला. पण दूध पाजू पाजू तिच्या छातीले चिरा पडल्या, बाळ तोंड लावते तशी पोट्टी ओठ चावून रडते. मले तुयं मेण आठवलं.

खैरलांजीच्या वावरात धान निघालं का मारवाडी मेंढपाळ यायचे. बांधीत मेंढ्या बसवायच्या, खत पडायचं, आन् त्याईले तांदूळ देताना तू हटकून कच्ची लोकर मागून घ्यायची. चुलीवर मिठाच्या पाण्यात लोकर रटरटते, पाणी निवलं का वर पिवळी साय धरते, तू ती फडक्यातून गाळते. धानाच्या रोवण्यात हातपाय फाटलेल्या साऱ्या बाया तुयाच दारी. एकदा मी लोकर घाण दिसली म्हणून आधी साबणानं धुतली, तं केवढी भडकली होती तू! "अवो येडे, तो मळ नोहे, तेच तं औषध हाय!"

म्हणून यंदा मी नाही धुतली. लालबर्‍याच्या रस्त्यावर कळप दिसला, लोकर आणली, तुयाच रीतीनं मेण काढलं आन् आज सकाळी पोरीले लावलं. तिले बरं वाटलं म्हणून आणखी लोकर मागाले गेली, तं मेंढपाळ म्हणे, "बाई, अभी तो किलनी की दवाई में नहलाई थी, हाथ धो लेना।" गोचिडं मारायचं जहर ते, आन् मी बाळाच्या तोंडी दिलं!

घरी पळत आली तं बाळ छातीशीच. मी ओढूनच घेतलं त्याले. "काहून ओ आई?" पोरगी घाबरली. "वास येते त्या मेणाचा, धुऊन टाक," म्हटलं. डॉक्टरीणबाईले फोन लावला. त्या म्हणे, छाती नीट धुवा, बाळ सुस्त पडलं का उलटी झाली तं तसंच घेऊन या. मेडिकलातून त्याच मेणाची साफ केलेली ट्यूब आणली. तवापासून बाळाच्या नाकाखाली बोट धरून पाहून राह्यली. झोपलं तरी भेव, हललं तरी भेव. तुया काळी अशी दवाई नोहती ना माय? का होती, आन् तुले माहीत नोहतं?

पोरगी फोनवर सासूले सांगून राह्यली, "आजीच्या मेणानं लय आराम पडला." तिले खरं सांगाच लागते, बाळावर तिचंही ध्यान पाह्यजे. आन् मी रांधणीत चुलीपाशी बसून तुले लिहून राह्यली. तू तं कवाची देवाघरी गेली, म्हणून तुले सांगणं सोपं हाय. ती पलीकडच्या खोलीत हाय, आन् तिच्यासमोर जायची माई हिंमत होऊन नाही राह्यली.