मिठाच्या पाण्यातला दिवा

कर्जत. सोमवार, दिवाळी उलटल्यावर.

तारांची टोकं मिठाच्या पाण्यात बुडवली आणि बॅटरीला जोडलेला छोटा लाल दिवा लागला. मनीषाने टोकं पुसून साखरेच्या पाण्यात घातली. काहीच नाही. दहावीतली पोर, संध्याकाळी माझ्या खोलीवर शिकायला येते. उद्या आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार.

मी सांगितलं, मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. दोघांवर प्रभार येतो, पाण्यात ते सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. तिचा रेणू पाण्यातही अख्खा राहतो, त्यावर प्रभार नसतो.

"हिच्यापायी आमचे हात सोलून निघत्यात," ती म्हणाली, "आन् हिला साधा दिवा लावता येईना!"

दोघी हसलो. माझ्या या एकटीच्या खोलीत कितीतरी दिवसांनी.

तिची आई न्यायला आली. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या.

"लई उपकार, बाई. पर तितं उसाच्या फडात धाकट्याला कोन बघंल?"

मनीषाने दप्तर उचललं. मग दोघी गेल्या.

मी पुन्हा तारा मिठाच्या पाण्यात घातल्या. दिवा लागला. मी तिच्यासाठी विचारलं, की माझ्यासाठी? तिला राहायचंय का, हे विचारलंच नाही. भात मात्र दोघींचा टाकून ठेवला होता.

मंगळवार. सकाळी ऊसतोडीवाल्यांचा ट्रॅक्टर गेला. शाळेत हजेरी घेताना सवयीने मनीषाचं नाव वाचलं. मग पुढचं वाचलं.