शरयूचे डोळे आणि इंदूरचं काजळ

लष्कर, ग्वाल्हेर
७ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप इंदुताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. पावणेतीन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, क्षमा कर. ऑफिसच्या गडबडीचं कारण देणार होतो. ते वाक्य लिहून खोडलं.

घरी सगळे ठीक. तुझ्या भावजयीचा, अनसूयेचा, गुडघा थंडीची वाट न पाहताच कुरकुरू लागलाय. येत्या एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपेल आणि राजधानी भोपाळला जाईल. फायलींच्या याद्या करायला आमच्या शाखेला यंदा इथेच ठेवलं, दर वर्षीसारखं उन्हाळी राजधानीत, इंदूरला, नेलंच नाही. कळू लागल्यापासून आमच्या शरयूचा हा ग्वाल्हेरातला पहिला उन्हाळा.

आणि चैत्र लागताच तिचे डोळे लाल झाले. तीच खाज, तोच दोऱ्यासारखा चिकट स्राव. उजेड सोसेना म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या. हे सगळं तू तुझ्या घरी पूर्वी दर वर्षी पाहिलं आहेस. या वेळी मात्र इंदूरचं पाणी नव्हतं आणि तूही नव्हतीस.

ऑगस्टात उजव्या बुबुळावर जखम झाली. डोळ्यांचे डॉक्टर कान्होजी जगदाळे यांनी तिची वरची पापणी उलटून मला भिंगातून दाखवली. आत फरसबंदीसारखे उंचवटे होते, तेच बुबुळावर घासत होते. हा संसर्ग नाही, म्हणाले. रोगाशी लढणारी जी फौज आपल्या शरीरात असते, ती धुळीला आणि फुलांच्या परागाला शत्रू समजून बसते. लढाई होते डोळ्याच्या पृष्ठभागावर, आणि नासधूस घरचीच. उन्हाळ्यात जोर, थंडीत उतार. मी सांगितलं की इंदूर सोडलं की दर वर्षी तिला आराम पडायचा. जगदाळ्यांचे वडील संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे बोलणं सरळ.

"गोपाळराव, तुम्ही थंडीच्या तोंडावर इंदूर सोडत होता. काम केलं ऋतूने, तारीफ झाली ग्वाल्हेरची."

मुंबईहून सूज उतरवणारे कॉर्टिझोनचे थेंब आणवले. किती वेळा घालायचे ते डॉक्टरच सांगतात. आपल्या मनाने एकही नाही. जखम भरली आहे. पुसटसा डाग राहील, पण नजर शाबूत आहे. मोठी होईल तसं हे दुखणं आपोआप ओसरेल असा त्यांचा अंदाज आहे. परवा दवाखान्यातून येताना शरयू टोपी बाजारातल्या पाट्या मोठ्याने वाचत होती, दुकानदारांच्या चुकांसकट.

काजळाचंही मी विचारलं. असल्या डोळ्यांत ते घालू नये, पण दुखणं त्याने आलेलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शरयू शेजारीच बसली होती.

"मग आत्याचा कसूर काय होता, बाबा?"

मी चष्मा पुसत राहिलो.

ताई, इतका वेळ टाळलं ते आता लिहितो. पावणेतीन वर्षांपूर्वी, इथल्या आपल्या नात्यातल्या विजयाबाईंच्या नातवाच्या बारशाला तू तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ घेऊन इंदूरहून आलीस. भरल्या घरात, बायकांसमोर, मी म्हणालो की या काजळाने माझ्या पोरीचे डोळे जाळले, बाळाला लावू नका. विजयाबाईंनी डबी खिडकीत सरकवली. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. त्यानंतर आपल्या माणसांत कोणी तुझ्याकडे काजळ मागितलं नाही, हे मला ठाऊक आहे.

यापुढचं अधिक वाईट. त्याच वर्षीच्या डायरीत १९ जुलैला माझ्या हातचं लिहिलेलं आहे: "यंदा इंदुरात सरकारी बिऱ्हाड. ताईचं घर नाही, काजळ नाही. शरयूचे डोळे तसेच." म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. मी पान उलटलं. दोष तुझ्याकडे राहणं मला सोयीचं होतं.

भोपाळला बिऱ्हाड लागेपर्यंत शरयूला आत्याकडे ठेवू, असं अनसूया म्हणते. आज मी ते मागत नाही. माफीला गरजेचं शेपूट नको. शरयूची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही. पाकिटात घालताना एवढंच दिसलं की ओळी सरळ आल्या आहेत.

तू उत्तर दे अथवा नको देऊस,
तुझाच अपराधी,
गोपाळ

(त्याच रात्री, गोपाळच्या डायरीत) उद्याचं काम: विजयाबाईंकडे जाऊन, घरातल्या सगळ्यांना बसवून, ताईवर मी खोटा आळ घेतला होता हे सांगणे.