गवताची धावपट्टी

बाबा, गेल्या शनिवारी माती उकरणाऱ्या एका डिगरनं आमची धावपट्टी आडवी कापली आणि मी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून ते बघत होते. तेव्हापासून मनात तुमच्याशी भांडण चाललंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. हात मात्र आठवतो. तुम्हाला ठाऊक नसलेलं आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही काय बरळतेय. मी आयर्लंडमध्ये असते, डब्लिनच्या दक्षिणेला, डून लेरीला. चेरीवूडच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी विमान उडवते. हो, मी. 'पोरींनी विमानात बसावं, चालवायच्या भानगडीत पडू नये,' म्हणायचात ना? घ्या. दोन जणांचं छोटं विमान आहे, चौघांत मिळून घेतलेलं. पश्चिमेला, मेयो परगण्याच्या पार टोकाला, दलदल आणि समुद्र यांच्या मधे गवताची एक पट्टी होती. डांबर नाही, दिवे नाहीत, वारा दाखवणारा एक विंडसॉक आणि पत्र्याची खोली, बस. अटलांटिकवरून ढग खाली उतरले की त्या किनाऱ्यावर उतरायला दुसरी जागा नाही. एकदा तिथेच माझं इंजिन गचके खायला लागलं. डोक्यावर ढग, खाली खडक, आणि मी आदळत, उड्या मारत त्या पट्टीवर उतरले. उतरले आणि गवतात ओकले. त्या दिवसापासून ती पट्टी माझी झाली.

अशा पट्ट्या कुणी सांभाळल्या नाहीत की मरतात. गवत वाढतं, पाणी साचतं, कुणीतरी झाडं लावून मोकळं होतं. म्हणून आम्ही सात-आठ पायलट दर महिन्याला तिथे जायचो, गवत कापायचो, चर उपसायचो, मेंढ्यांच्या लेंड्या तुडवत हिंडायचो. आमचा म्होरक्या एअरलाइनमधून रिटायर झालेला. सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात. गुडघे गेलेले, तोंडात सदैव 'ग्रँड', म्हणजे सगळं झकास. छताचा पत्रा उडाला, ग्रँड. गवत कापायचा मोवर बंद पडला, ग्रँड. पण कामाआधीचा नेम मात्र त्यानं कधी मोडू दिला नाही. सगळ्यांनी हाताहाताच्या अंतरावर एका रांगेत उभं राहायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचं. दगड, खड्डा, सशाचं बीळ, मेलेली मेंढी, काय असेल ते शोधायचं. पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिले तेव्हा मी डावा कान हातानं झाकून जागीच थांबले. ते बिचारे विचारतायत, बरं वाटत नाही का? काय सांगणार त्यांना, कप्पाळ!

यवतमाळकडचं माळरान. गावकऱ्यांनी दगड वेचून केलेली पट्टी, बाजूला तुमचं कापसावर फवारणी करणारं विमान, औषधाचा तो घशाला धरणारा वास. मला शाळेला सुट्टी आहे. उजवी बाजू तुम्ही बघताय, डावी मला दिलीय, आणि मी फुशारून चालतेय. एक दगड मला दिसत नाही. तुम्हाला दिसतो. तुम्ही वळता आणि कानाखाली अशी ठेवून देता की मी औषधाच्या पिंपावर जाऊन आपटते. 'डोळे फुटले का तुझे? चाक गेलं असतं ना यावर, मेलो असतो मी!' पिंपं भरणारी माणसं हातातलं काम सोडून बघतायत. डाव्या कानात तेव्हा सुरू झालेली किर्रकिर्र अजून आहे. विमानात हेडफोनचा त्या बाजूचा आवाज मी वाढवून ठेवते. संध्याकाळी तुम्ही पेढे आणलेत. मारापेक्षा मला त्या पेढ्यांचा संताप आला, आणि मी ते खाल्लेही. पुढे एकही दगड माझ्या नजरेतून सुटला नाही, हेही खरं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे की काय, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तर ही मेयोची पट्टी. तिचा खालचा तिसरा हिस्सा शेजारच्या मेंढपाळाच्या जमिनीत होता, त्याच्याशी केलेल्या करारावर चाललेला. सत्तरीचा, एकटा माणूस. गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्या पायलटच्या विमानाच्या चालू पंख्यात त्याची कुत्री गेली. मी तिथेच होते. फार लिहीत नाही, पण आम्ही विमान धुतलं तेव्हा किती तरी वेळ पाणी लालच येत होतं. त्यानं तिला खताच्या पोत्यात गोळा केलं, पोतं खांद्यावर टाकलं आणि जाताना म्हणाला, 'तुमच्यातलं कुणीतरी मरणार आहे इथे.' करार वसंतात संपणार होता. त्याची सही मिळाली नाही तर पट्टी गेलीच. कॅप्टन व्हिस्कीची बाटली घेऊन त्याच्याकडे गेला आणि चहा पिऊन परत आला. 'विचार करतो म्हणालाय तो. ग्रँड.' मला काही ते ग्रँड वाटलं नाही. मी त्या माणसावर डूख धरला होता, आणि कारण शोधत होते.

मार्चमध्ये मोठं वादळ झालं. त्यानंतर आम्ही जमलो, रांग केली. मी डाव्या टोकाला. खालच्या हिश्श्यात ओल्या गवतात बुटाला काहीतरी टोचलं. बांधकामाची गंजकी सळई, टोक वर, वीतभर बाहेर. जरा पुढे दुसरी. मग तिसरी. ऐन चाकाच्या वाटेत! अशा सळईवर चाक गेलं की विमान नाकावर उभं राहून उलटतं, माणूस सीटच्या पट्ट्यात उलटा लटकतो आणि वरून पेट्रोल गळत राहतं. मला त्याचे ते शब्द आठवले. कानातली किर्रकिर्र इतकी वाढली की समुद्रही ऐकू येईना. मी सळई उपटली आणि त्याच्या घराकडे निघाले. मागून कॅप्टन 'थांब, अगं थांब' ओरडत होता. पण त्याचे गुडघे आणि माझा संताप, गाठणार कसा?

तो अंगणात बसून एका पोरक्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. मी सळई त्याच्या तोंडासमोर धरली. 'ही तुझी?' त्यानं पाहिलं. 'असेल. माझ्याच शेडमधली दिसतेय.' एवढंच ऐकलं मी. सळई त्याच्या खांद्यावर घातली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. कोकरू निसटलं, बाटली गडगडत गेली. तो खाली कोसळला तरी मी थांबले नाही. सळई फेकली आणि हातांनी मारत सुटले, तोंडावर, डोक्यावर, जिथे बसेल तिथे. त्याच्या नाकातून भळाभळा रक्त यायला लागलं. तो हात वर करत होता तर मी तो हातही झिडकारला. आणि तोंडानं मराठी, त्याला एक अक्षर कळत नसताना. 'डोळे फुटले का तुझे? मेलं असतं ना कुणीतरी!' ते वाक्य कुणाचं होतं हे बोलतानाच मला कळलं होतं, तरी मी ते पुन्हा म्हटलं.

कॅप्टन पोहोचला तेव्हा दम लागून त्याला धड बोलवत नव्हतं. त्यानं मला मागून कवळा घातला आणि खेचलं. 'माझ्या आहेत त्या. मी ठोकल्यात.' वादळाआधी तो एकटाच येऊन गेला होता. खालची जमीन मऊ झाली होती. कुणाचं चाक रुतू नये म्हणून त्यानं या शेजाऱ्याकडूनच सळ्या मागून घेतल्या, तो तुकडा आखला आणि लांबून दिसावं म्हणून प्रत्येक सळईला पांढरं फडकं बांधलं. फडकी वादळानं नेली. आम्हाला सांगायचं तो विसरून गेला. 'विसरलो गं, विसरलो,' म्हणत तो म्हातारा तिथेच चिखलात बसला. मेंढपाळ रक्त पुसत आम्हा दोघांकडे बघत होता.

हॉस्पिटलात मीच नेलं त्याला. इमर्जन्सीत नागपूरचा एक तरुण डॉक्टर होता. हासळीचं हाड मोडलेलं, नाक सुजलेलं. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून तो हळूच म्हणाला, 'मॅडम, पडल्याचं दिसत नाही हे. काय झालं नेमकं?' मग त्यानं पेशंटला इंग्रजीत विचारलं. 'फाटकावरून पडलो,' मेंढपाळ म्हणाला. बाबा, मला तिथे धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई काय सांगायची डॉक्टरांना? मोरीत पाय घसरला. आणि तुम्ही तिच्या शेजारी उभे असायचात, तिची पर्स हातात धरून. माझ्या हातात त्याची टोपी होती. परतताना गाडीत मी विचारलं, 'पोलिसांना का नाही सांगत?' तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'काय सांगू? पन्नाशीच्या बाईनं झोडपलं म्हणून?' मी सॉरी म्हटलं. किती वेळा म्हटलं कोण जाणे. त्यानं रेडिओ लावला.

सही त्यानं केली नाही. करार संपला आणि त्याच आठवड्यात डिगर आला. त्याचीच जमीन, त्याचाच हक्क. हात गळ्यात बांधून तो चराच्या काठावर उभा होता. पहिला घास काढला तेव्हा काळा चिखल आणि पाणी भसकन वर आलं. उरलेल्या तुकड्यावर विमान उतरूच शकत नाही. कॅप्टनचं विमान तिथे अडकलं, ते पंख सोडवून ट्रेलरवर घालून न्यावं लागलं. मला कुणी दोष दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट कॅप्टनच फोन करून माझी माफी मागतो. पुढच्या वादळात त्या किनाऱ्यावर कुणाचं तरी इंजिन गचके खाईल, तो बिचारा खाली बघेल आणि तिथे चर असेल. हे मी करून ठेवलंय.

आई म्हणायची, 'काळजीपोटी मारतात गं ते. मारल्यावर त्यांनाच जास्त लागतं.' एवढी वर्षं मी ते खरं मानलं. मानलं नसतं तर तुमच्या फोटोला हार घालता आला नसता. आता मी स्वतः मारून बघितलंय. पहिला फटका काळजीचा होता, शपथेवर सांगते. दुसऱ्यापासून मला बरं वाटायला लागलं. अंग हलकं झालं, बाबा. कॅप्टननं ओढलं नसतं तर मी थांबले नसते. तुम्हालाही बरंच वाटायचं, आईला नाही कळलं, मला कळलं. तुम्ही असतात तर हे लिहून तुम्हाला कधीच दाखवलं नसतं. वाचून तुम्ही मोठ्यानं हसला असतात आणि चारचौघांत सांगत सुटला असतात, पोरगी माझ्यावर गेलीय म्हणून. आणि मला, अजूनही, ते ऐकायला आवडलं असतं.