वीज जाईपर्यंतचं परीक्षण

सर,

परवा वर्गात चित्रपट परीक्षण शिकवायचं आहे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवायला एकही चांगला नमुना सापडत नाही. डोंबिवलीच्या वाचनालयातून जुन्या पुरवण्या आणल्या. माझी मुलगी मोठ्याने वाचते, मी डोळे मिटून ऐकते. अभिनय सहज, छायाचित्रण नेत्रसुखद, उत्तरार्ध रेंगाळतो. डोळ्यांपुढे काहीच येत नाही. "आई, झोपलीस का?" ती विचारते.

मधुमेहाने तुमची दृष्टी गेली तरी तुम्ही आम्हाला परीक्षण शिकवत होता. कल्याणच्या त्या थिएटरात पाळीपाळीने एकेकाला शेजारी बसवून. पडद्यावर दिसतं तेवढं कानात सांगायचं, मत द्यायचं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, ती खूप दुःखी आहे." तुम्ही म्हणालात, "ते तुझ्याकडे ठेव. करतेय काय?" मागच्या रांगेतला एकजण वैतागला. "ओ ताई, स्टोरी घरी जाऊन सांगा ना!" तुम्ही मागे वळलात. "चूक माझी आहे हो. मला दिसत नाही." थोड्या वेळाने त्याचंच डोकं आपल्या दोघांच्या मध्ये आलं. "काका, रडतेय ती आता." "कशावरून?" "म्हणजे... पदर कोंबलाय ना तोंडात. आवाज येऊ नये म्हणून." "आवाजाचं तुम्ही घातलंत. पदर पडद्यावरचा." तो हसला. मध्यंतरापर्यंत तुम्ही दोघांनीच चित्रपट पाहिला, मी नुसती ऐकत होते.

मध्यंतरानंतर वीज जाते. लोक शिट्ट्या मारतायत, खुर्च्या आपटतायत. तुम्ही माझ्याकडे झुकता. "आता काय दिसतंय?" "अंधार, सर." "कसा?" मी शब्द शोधत राहते. वीज येते, चित्रपट पुढे सरकतो, उत्तर राहून जातं. त्या वर्षीचा निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात.

घरोघरी केबल आली तरी मी थिएटरात जाते. दिवे मालवतात आणि पडदा उजळायच्या आधी डाव्या कानाशी तुमचा प्रश्न येतो. त्या बाजूची खुर्ची मी रिकामी ठेवते. नवरा म्हणतो, "अगं, सरक की, पंखा तिकडे आहे." मी सरकत नाही.

शेवटी नमुना मीच लिहायला घेतला, त्याच चित्रपटाचा. मत कुठेच दिलं नाही. मुलीने वाचून दाखवलं, तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे पदर हलला. वीज गेली तिथवर येऊन ती थांबली. म्हटलं, अंधाराचं राहू दे, पुढचं वाच. "पुढे काही लिहिलंच नाहीयेस, आई."

परवा तेवढंच देईन. वीज गेली तेव्हा तो माणूस मागेच बसला होता, सर. त्याने चटकन सांगितलं असतं. तुम्ही मला विचारलंत. अंधार कसा होता ते मला अजून सांगता येत नाही, आणि येऊ नये असंही वाटतं. सांगितलं, तर तुम्ही पुन्हा विचारणार नाही.