रुद्राणीला स्टेजवर नेलं

लिंबागणेश, ५ फेब्रुवारी १९९५

ती. दानम्मा मावशीस कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

जत्रंपासून डोळ्याला डोळा न्हाई. रुद्राणीला सासू आपल्याजवळ निजवती, आतून कडी लावती. पोर रडली की माझी चोळी भिजती. कावून ते सांगायची लई शरम वाटायली, पर तुला न्हाई तर कुणाला सांगू.

आमच्या गावच्या जत्रंतलं जुनं नाटक तुला ठाव हाय. त्यात जमीनदाराची बायको दरसाल आमचे हेच होत्यात, माझं लग्नातलं इरकल नेसून. शेवटाला ती बाई नवऱ्याला ठणकावती की लेकरू माझं हाय, रस्ता सोडा. लेकरू उचलून घर सोडती, अन् लोक टाळ्या पिटत्यात. आजवर कापडाचं गाठोडं धरायचे. औंदा म्हणले खरं लेकरू पायजे, बाया रडल्या पायजेत. पाच महिन्यांची पोर मी दिली. हौसंनं काजळ घालून दिली, मावशी.

हे स्टेजवर पद म्हणायले अन् तिला भूक लागली. ह्यांच्या छातीला तोंड मारायली, तितं नुसत्या चिंध्या. लोक हसून लोळले. कुणीतरी वरडलं की बाईसाहेब, पाजा की आता. ह्यांनी पद सोडलं न्हाई, पोरीलाच दाबून धरलं. ती काळीनिळी झाली. मी बायांतून उठले, वर चढले, वढून घेतली. ह्यांचा केसांचा टोप माझ्या हातात आला. अन् तितंच, गावाकडं पाठ करून, खाली बसून पाजलं. पदर कुठं व्हता त्याची सुद न्हाई.

आता दुकानात गिऱ्हाईक ह्यांना बाईसाहेब म्हणून चिडवतंय. हे माझ्याशी बोलत न्हाईत. पोर पाजण्यापुरती देत्यात. माझंच चुकलं का? काय करू ते कळव. मला टाकू नको.

तुझीच कावेरी


केज, ९ फेब्रुवारी

चि. सौ. कावेरीस मावशीचे अ. उ. आ.

पत्र शेजारच्या सावित्रीबाईंनी वाचून दाखवलं. लिहितात पण त्याच. अगं, सगळ्या गावासमोर! तुझी माय असती तर भुईत गेली असती.

पहिलं जावयाच्या पाया पड. गड्याचा राग उतू जातो तसा बसतो पण. तुझे काका भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवून शेतात गेले, अन् ऊन लागल्यावर मुकाट भाकर मागायला आले.

शिवशरणला कळवलं न्हाई. तुझा भाऊ डोक्यानं गरम, भांडायला आला तर तुझा संसार मोडंल. सावित्रीबाई विचारायल्यात की माझी एक ओळ लिहू का. मी नको म्हणलं.

रुद्राणीची दृष्ट काढ. खुशाली धाडत जा, जीव इकडं टांगलाय.

तुझी मावशी


लिंबागणेश, १३ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न.

पाया पडले. ह्यांनी पाय मागं घेतले. म्हणले शिवरात्रीला नाटक परत लावायलो. आधी मी स्टेजवर येऊन गावाला हात जोडायचे, डोकं फिरलं व्हतं म्हणायचं. मग रुद्राणीला माझ्याच हातानं ह्यांच्याकडं द्यायची. पोर भोंग्याच्या आवाजानं अजून दचकती, म्हणून गयावया केली. हे म्हणले लेकराबिगर त्या बाईला टाळ्या पडत न्हाईत. सासू म्हणती जमत न्हाई तर भावाकडं जा, पोर इथंच राहील.

माफी मी मागीन, मावशी. शरम जायाची तेवढी गेलीच हाय. पर पोर देणार न्हाई. अन् तिला टाकून पण येणार न्हाई. दिसा पाजाय देत्यात, तवाच निघता येईल. एकलीला भ्या वाटतंय, गावात समदी वळख ह्यांची. आमचा फोनचा बूथ दुकानातच, तितं हेच बसलेले. म्हणून हे पत्र शेजारणीच्या हातानं टाकायली.

सावित्रीबाई, का जे कुणी हे वाचत असंल ते, मावशीला सांगत बसू नका. ती अजून थांब म्हणंल. आधी शिवशरणदादाला फोन करा. नंबर तिच्या चुलीमागल्या भिंतीवर खडूनं लिवलाय. शिवरात्रीच्या आत, दिसा, वैनीला घेऊन ये म्हणावं. कावून ते इचारू नको म्हणावं, मला दादाला त्वांडानं सांगता याचं न्हाई. तुमाला वाचता येतंय, तर एवढा फोन करा.